गाडी थांबवतो तो रस्ता

टायरवाला उकिडवा बसून टायरवरून अंगठा फिरवतो आणि निकाल देऊन टाकतो, "पार गोटा झालाय साहेब. पावसाळ्याआधी बदलून घ्या." आपण निमूट मान डोलावतो. पण कधी टीव्हीवर फॉर्म्युला वनची शर्यत पाहिली असेल, तर एक शंका मनात राहतेच. ताशी तीनशे किलोमीटरनं पळणाऱ्या त्या गाड्यांचे टायर कोरड्या हवेत चक्क गुळगुळीत असतात. त्यांवर एक खाच नसते, की एक रेघ नसते. जगातले निष्णात इंजिनिअर ज्या गाडीला मुद्दाम गोटा टायर चढवतात, तसाच टायर आपल्या गाडीला असला तर तो बेकायदा कसा? की हे सगळं नवे टायर खपवायचं निमित्त?

तसं नाही. टायरवाला बरोबर आहे आणि ते इंजिनिअरही. दोघं एकाच वेळी बरोबर कसे, हे समजायला टायर आणि रस्ता यांच्यात नेमकं काय चालतं ते जरा खाली वाकून बघायला हवं.

इंजिन गाडी ढकलत नाही

गाडी कशानं चालते, असं विचारलं तर कुणीही म्हणेल, इंजिनानं. पण पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गाडी रुतली की काय होतं ते आठवा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलतं, चाक गरागरा फिरतं, मागून धक्का देणाऱ्यांची कापडं चिखलानं भरतात आणि गाडी तसूभर हलत नाही. इंजिनाची ताकद तीच आहे, जमिनीची पकड तेवढी गेलेली आहे. मग कुणीतरी गोणपाट आणून चाकाखाली सारतं आणि तीच गाडी त्याच इंजिनावर बाहेर येते.

न्यूटनचा नियम इथं सरळ लागू होतो. कुठल्याही वस्तूचा वेग किंवा दिशा बदलायची तर बाहेरून कुणीतरी जोर लावावा लागतो. इंजिन, ब्रेक, स्टेअरिंग हे सगळं गाडीच्या आतलं आहे. बाहेरचा म्हणजे रस्ता. इंजिन चाक फिरवतं, चाक रस्त्याला मागं रेटतं आणि रस्ता चाकाला पुढं रेटतो. ब्रेक दाबला की हे उलटं होतं. ब्रेक फक्त चाकाला आवळतो, गाडीला मागं ओढतो तो रस्ता. स्टेअरिंगनं पुढची चाकं तिरपी होतात एवढंच. गाडी आडवी ढकलून वळवण्याचं काम पुन्हा रस्त्याचंच.

हा सगळा व्यवहार किती जागेतून होतो, याचा हिशेब घरी करता येतो. प्रवाशांसकट बाराशे किलोची छोटी मोटार धरा. एका चाकावर तीनशे किलो, म्हणजे साधारण ६६० पौंड भार. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे, म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड दाब. ६६० भागिले ३२ केलं की उत्तर येतं वीस-एकवीस चौरस इंच, म्हणजे जवळपास एका तळहाताएवढी जागा. अख्खं कुटुंब, सामानसुमान आणि गाडी अशा चार तळहातांवर घाट उतरत असते.

चिखलातला ठसा

पाऊस पडून गेल्यावर मातीच्या रस्त्यावरून नुकतीच गेलेली गाडी असेल, तर तिच्या टायरचा ठसा नीट बघा. नक्षीतली प्रत्येक खाच, प्रत्येक कोपरा जसाच्या तसा उमटलेला दिसेल. गाडी चाळीसच्या वेगानं गेली असली तरीसुद्धा. टायर जमिनीवरून घासत गेला असता तर ठसा फरफटला असता. तो इतका रेखीव उमटतो, कारण चाक नीट फिरत असताना त्याचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी जमिनीच्या मानानं थांबलेला असतो. वरची बाजू गाडीच्या दुप्पट वेगानं पुढं पळत असते आणि खालची निवांत टेकलेली. ताशी ऐंशीच्या वेगात हा टेकण्याचा काळ सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतकाच असतो. मग तो तुकडा उचलला जातो आणि त्याची जागा मागचा घेतो.

आता करकचून ब्रेक दाबलेल्या जागेचा ठसा बघा. नक्षी गायब असते, नुसता लांबट पट्टा उरतो. डांबरी रस्त्यावर हाच पट्टा काळा दिसतो.

या दोन ठशांत सगळं शास्त्र आलं. न घसरता टेकलेल्या पृष्ठभागांमधल्या घर्षणाला स्थितिक घर्षण म्हणतात आणि घसरत्या पृष्ठभागांमधल्या घर्षणाला गतिक घर्षण. पहिलं सहसा दुसऱ्यापेक्षा जास्त असतं. टायर फिरता राहिला तर तगडी पकड आपल्या वाट्याला येते आणि जाम होऊन घसरायला लागला की कमकुवत. गाडी 'सुटली' असं आपण म्हणतो ती दुसऱ्या अवस्थेत.

रबर रस्त्याला धरतं कसं

घर्षणाचे शाळेतले नियम जुने आहेत. लिओनार्दो दा विंचीनं ते ताडले होते, १६९९ मध्ये आमाँताँ या फ्रेंच संशोधकानं मांडले आणि १७८५ मध्ये कूलाँनं पक्के केले. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, टेकलेलं क्षेत्रफळ किती आहे यावर ते ठरत नाही, हे त्यांचं सार. लाकूड, लोखंड, दगड हे नियम बऱ्यापैकी पाळतात. रबर मात्र मनमानी करतं.

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे ते खरोखरच चिकटतं. रबराचे आणि खडीचे रेणू अगदी जवळ येतात आणि क्षणभर एकमेकांना धरून ठेवतात. दुसरं म्हणजे ते खडीला बिलगतं. डांबरी रस्त्यावरून हात फिरवला तर खडीची टोकं तळव्याला टोचतात. भाराखालचं रबर या टोकांभोवती दबतं, पण दबलेलं रबर परत फुगायला थोडा वेळ घेतं. त्यामुळे खडीच्या पुढच्या अंगाला दाब जास्त आणि मागच्या अंगाला कमी, असा फरक पडून टायर अडून राहतो.

ओल्या रस्त्यावर पाण्याचा पातळ थर मध्ये येतो आणि चिकटण्याचा प्रकार जवळपास संपतो. बिलगण्याचा उरतो, पण रस्ता खडबडीत असेल तरच. 'रस्ता कसा लोण्यासारखा झालाय' हे आपलं कौतुक म्हणून थोडं जपून करावं. वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली खडी पावसात दगा देते. काँक्रीटचा रस्ता ओला असतानाच त्यावर बारीक रेघा ओढतात त्या याचसाठी. त्यावरून जाताना टायरचा जो गुंईऽऽ आवाज येतो, तो या सोयीची किंमत.

पकड आकड्यात सांगायची तर घर्षणांक वापरतात. चाकावरच्या भाराच्या किती पट जोर रस्ता देऊ शकतो, ते प्रमाण म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरला तो ०.७ ते ०.८ मिळतो, ओल्यावर ०.४ ते ०.५ आणि बर्फावर जेमतेम ०.१. रेल्वेच्या पोलादी चाकांना पोलादी रुळावर आपल्या कोरड्या रस्त्याच्या निम्मीही पकड मिळत नाही. म्हणून रेल्वेच्या इंजिनातून चाकांपुढं वाळू सोडायची सोय असते आणि ३७ फुटांना एक फूट चढणाऱ्या बोरघाटात गाडीला मागून जादा इंजिनं लावतात.

एक गैरसमज इथंच निकालात काढू. गाडी जड असली की ती रस्त्याला घट्ट धरते, म्हणून लवकर थांबते, असं अनेकांना वाटतं. वजन दुप्पट झालं की पकड दुप्पट होते हे खरं, पण थांबवायचं ओझंही दुप्पट होतं. हिशेब फिटतो. टायर आणि ब्रेक सारखेच असतील तर जड आणि हलकी गाडी सारख्याच अंतरात थांबते. ट्रकला प्रत्यक्षात जास्त अंतर लागतं, कारण त्याच्या टायरचं रबर कडक असतं आणि एअर ब्रेक लागायला क्षणभर उशीर होतो.

पगार एकच, खर्च तीन

टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. रक्कम ठरलेली आणि तिच्यातून तीन खर्च भागवायचे: वेग वाढवणं, वेग कमी करणं आणि वळणं. सगळा पगार ब्रेकवर उडवला की वळायला दमडी उरत नाही.

घाटातले बरेच अपघात या एका वाक्यात बसतात. चालक वळणात शिरतो, वेग जास्त आहे हे उशिरा लक्षात येतं आणि मग तो वळता वळता जोरात ब्रेक मारतो. पुढच्या टायरांची पकड वळण्यात जवळपास संपलेली असते, त्यात ब्रेकची मागणी येते. पगार पुरत नाही, टायर घसरतो आणि गाडी वळण सोडून सरळ निघते. स्टेअरिंग आणखी फिरवून उपयोग नसतो, उलट मागणी वाढते.

सुदैवानं टायरचा हा जमाखर्च आपल्या घरच्यापेक्षा थोडा उदार असतो. ब्रेक मागच्या दिशेनं ओढतो आणि वळण आडव्या दिशेनं, त्यामुळे दोन्ही जोरांची साधी बेरीज होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखा त्यांचा मेळ लागतो. पकडीतला ऐंशी टक्के भाग ब्रेकनं घेतला तरी वळायला साठ टक्के उरतो. शंभर टक्के घेतला तर मात्र शून्य. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारायचा, वळणात फक्त वळायचं आणि वळण सुटलं की रेस द्यायची.

५० मीटर त्रिज्येचं सपाट वळण घेतलं तर ०.७ घर्षणांकाला वेगाची कमाल मर्यादा येते ताशी ६६ किलोमीटर. रस्ता ओला होऊन घर्षणांक ०.४ झाला की ती पन्नासवर उतरते. या मर्यादेत काल साठनं आरामात घेतलेलं वळण आज पावसात घेताच येत नाही. चालकाचा हात बसलेला आहे की नाही, याचा इथं काही संबंध नाही.

चौकट : थांबायला किती जागा लागते?

सपाट रस्ता, चांगले टायर, कोरड्यावर घर्षणांक ०.७ आणि ओल्यावर ०.४ धरला आहे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरून एकूण अंतर असं येतं :

ताशी ५० किमी : कोरडा २८ मीटर, ओला ३९ मीटर
ताशी ८० किमी : कोरडा ५८ मीटर, ओला ८५ मीटर
ताशी १०० किमी : कोरडा ८४ मीटर, ओला १२६ मीटर
ताशी १२० किमी : कोरडा ११४ मीटर, ओला १७५ मीटर

वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

चौकटीतल्या शंभरच्या ओळीकडे पुन्हा बघा. कोरड्या रस्त्यावरची गाडी जिथं येऊन पूर्ण थांबते, त्याच जागी ओल्या रस्त्यावरची गाडी, तिथंच ब्रेक मारूनही, अजून ताशी सुमारे ६५ किलोमीटरनं पुढं चाललेली असते. पुढच्या गाडीपासून दोन गाड्यांचं अंतर ठेवलंय, असं समाधान मानणाऱ्यांनी हा आकडा मनात धरावा.

पाणी मध्ये आलं की

आता गोटा टायरचं कोडं. कोरड्या रस्त्यावर नक्षीचा फायदा नाही, थोडा तोटाच आहे. प्रत्येक खाच म्हणजे रस्त्याला न टेकलेलं रबर, शिवाय खाचांमधले रबराचे ठोकळे जोर पडला की हलतात. म्हणून शर्यतीच्या गाडीला कोरड्यात गुळगुळीत टायर. पण पाऊस आला की त्याच गाड्या पिटमध्ये शिरतात आणि काही सेकंदांत खाचांचे टायर चढवून बाहेर पडतात. आपल्याला दर सरीला टायर बदलता येत नाहीत, त्यामुळे आपला टायर कायम पावसाच्या तयारीचा असावा लागतो.

खाचांचं काम एकच, पाण्याला वाट करून देणं. १८ सेंटिमीटर रुंदीचा टायर, रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी आणि वेग ताशी ऐंशी. त्या एका टायरला दर सेकंदाला आठ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, तेही सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या हप्त्यांनी. खाचा खोल असतील तर पाणी त्यांतून निसटतं. झिजल्या असतील तर ते टायरपुढं साचतं, पाचरीसारखं खाली घुसतं आणि टायर रस्त्यावरून उचलला जाऊन पाण्यावर तरंगतो. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात.

१९६० च्या दशकात धावपट्टीवर घसरणाऱ्या विमानांचा अभ्यास करताना नासाच्या संशोधकांना एक सोपा ठोकताळा सापडला: टायर कोणत्या वेगाला तरंगणार, हे त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. ३२ पीएसआयला त्या सूत्रानं ताशी ९४ किलोमीटर येतात, २४ पीएसआयला ८२. मोटारीला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, पण त्यातला कल खरा आहे. हवा कमी असेल तर टायर लवकर तरंगतो. रुंद टायरही लवकर तरंगतो, त्यामुळे हौसेनं रुंद टायर बसवणाऱ्यांनी पावसात जास्त जपावं.

गाडी तरंगायला लागली की स्टेअरिंग अचानक हलकं लागतं, इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर त्याचा आवाज एकदम चढतो. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद काढायचा, स्टेअरिंग सरळ धरून ठेवायचं आणि ब्रेकला झटका द्यायचा नाही. वेग उतरला की टायर आपोआप खाली टेकतो.

जूनच्या पहिल्या सरीत दुचाक्या धडाधड पडतात त्याचं कारण वेगळं आहे. तिथं तरंगण्याइतकं पाणीच नसतं. उन्हाळाभर रस्त्यावर इंजिनांचं ठिबकलेलं तेल, धूळ आणि टायरची झीज साचलेली असते. थोडंसं पाणी मिळालं की त्याचा रबडा होतो. पाऊस चांगला कोसळला की तो धुऊन जातो, म्हणून मुसळधारेपेक्षा सुरुवातीची बुरबुर जास्त फसवी. सिग्नलपाशी, जिथं गाड्या उभ्या राहून तेल गाळतात, तिथं हा थर सर्वांत दाट. याच यादीत रंगवलेले पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, कोकणातल्या सावलीच्या रस्त्यांवरचं शेवाळ, वळणावर साचलेली कच आणि साखर कारखान्यांच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणून टाकलेला शेतातला चिखल.

चाक जाम होऊ द्यायचं नाही

जोरात ब्रेक मारताना टायर थोडा घसरतोच. चाक गाडीच्या वेगापेक्षा दहा ते वीस टक्के हळू फिरत असताना पकड सर्वांत जास्त मिळते. त्यापलीकडे पकड उतरत जाते आणि चाक पूर्ण जाम झालं की दुहेरी नुकसान होतं. एक तर थांबायचं अंतर वाढतं. दुसरं म्हणजे स्टेअरिंग निकामी होतं, कारण घसरणाऱ्या टायरवर घर्षण फक्त घसरण्याच्या उलट दिशेनं लागतं. चाक कुठंही वळवलं तरी गाडी निघाली त्याच दिशेनं जाते.

माणसाच्या पायाला हा दहा-वीस टक्क्यांचा पट्टा सांभाळणं कठीण. ते काम एबीएस करतं. प्रत्येक चाकाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. चाक जाम होतंय असं दिसलं की यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक सैल करते, लगेच पुन्हा लावते, आणि हे सेकंदात अनेकदा चालतं. तेव्हा पेडल पायाखाली थरथरतं. ही थरथर जाणवली की घाबरून पाय काढणारे चालक मी पाहिले आहेत. तसं करू नये. पेडल दाबूनच ठेवावं आणि अडथळा चुकवत गाडी वळवावी, तेवढ्यासाठीच तर एबीएस आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं आहे. पण एबीएस पकड निर्माण करत नाही, असलेली वाया जाऊ देत नाही, इतकंच. गोटा टायर आणि एबीएस असलेली गाडी पावसात गोटा टायरचीच गाडी असते.

दुचाकीवाल्यांसाठी एक गोष्ट. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढं झुकतो. पुढच्या टायरवर वजन वाढतं, तशी त्याची पकडही वाढते, आणि मागचा टायर हलका होतो. म्हणून नुसता मागचा ब्रेक मारला की मागचं चाक चटकन जाम होऊन गाडी शेपूट फिरवते. पुढच्या ब्रेकची भीती आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या शिकवली गेली आहे, पण कोरड्या रस्त्यावर थांबवण्याचं बहुतेक काम तोच करतो. दोन्ही एकत्र, चढत्या जोरानं दाबायचे आणि हँडल सरळ असतानाच.

टायरकडे एकदा बघा

नव्या मोटारीच्या टायरच्या खाचा साधारण आठ मिलिमीटर खोल असतात आणि कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर असाव्या लागतात. मोजपट्टीची गरज नाही. मुख्य खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. माझ्या मते पावसाळी मुलखात तिथवर वाट बघूच नये. दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागं बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं सर्वांत अवघड.

हवेचा योग्य आकडा बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची, कारण धावून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो. कमी हवेचा टायर बाजूंनी सारखा दुमडतो, आतून तापतो आणि महामार्गावर फुटतो. महिन्यातून एकदा पंपावर पाच मिनिटं थांबा, चारही चाकं बघून घ्या आणि स्टेपनीतही हवा भरून घ्या.